सायक्लोक्रॉसच्या पिटमध्ये फवारणीचा बॅटरी पंप: काळ्या चिखलासमोर किती चालतो?

सायक्लोक्रॉस म्हणजे कच्च्या, चिखलाच्या छोट्या मार्गावर फेऱ्या मारायची सायकल शर्यत. ती पहिल्यांदा बघणारा माणूस पुढे पळणाऱ्या स्वारावरच डोळे लावून बसतो. दोन-चार शर्यती बघून झाल्या की नजर आपोआप पिटकडे, म्हणजे सायकल बदलायच्या आणि धुवायच्या जागेकडे, वळते. फेब्रुवारी २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या फाल्केनबुर्गला, काउबर्गच्या उतारांवर झालेली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा यासाठी पुन्हा पुन्हा बघावी अशी आहे. मार्ग इतका जड झाला होता की स्वार सायकल खांद्यावर टाकून चढ पळत चढत होते. बेल्जियमच्या वाउट फान आर्टने पुरुषांची शर्यत दोन मिनिटांहून जास्त फरकाने मारली, सलग तिसरं जगज्जेतेपद घेतलं, आणि यजमान देशाचा मॅथ्यू फान डर पूलसारखा तगडा गडी तिसरा आला. त्या तासाभरात पिट एक मिनिटही थंड नव्हतं. मळलेली सायकल टाकायची, धुतलेली उचलायची, आणि स्वार अर्धी फेरी मारून येईपर्यंत मेकॅनिकने टाकलेली सायकल नव्यासारखी करून उभी करायची, हेच चक्र सारखं चालू.

या खेळाचे नियमच तसे आहेत. मार्ग अडीच ते साडेतीन किलोमीटरचा, टायर ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही, सायकल फक्त पिटमध्येच बदलता येते आणि मोठ्या स्पर्धांत मार्ग एका फेरीत दोनदा पिटजवळून जातो. पिटला लागूनच धुण्याच्या यंत्रांसाठी जागा आणि पाणी द्यायला हवं, हेही आंतरराष्ट्रीय नियमावलीत आहे. म्हणजे धुणं हा शर्यतीचाच एक भाग धरलेला आहे.

मराठवाड्यात या खेळाची हौस वाढवायची तर अडतं ते नेमकं इथे. एमटीबी (डोंगरवाटांच्या) आणि ग्रॅव्हल (कच्च्या रस्त्यांच्या) सायकली आता संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या रस्त्यांवर दिसतात. बांध, पाणंद, गायरान, ओढ्याचा काठ, सगळं हाताशी आहे. पण पाणंदीच्या तोंडाशी नळही नसतो आणि विजेचा बोर्डही नसतो. जवळपास प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात एक वस्तू मात्र असते, ती म्हणजे फवारणीचा पाठीवरचा पंप. १६ लिटरचा, बॅटरीवर चालणारा. हे परीक्षण त्या प्रकारच्या नव्या पंपाचं आहे, फवारणीसाठी नव्हे, सायकल धुण्यासाठी. एका कंपनीचा पंप उचलून त्यावर निकाल देण्यात अर्थ नाही, कारण मोंढ्यातल्या कृषी सेवा केंद्रात मिळणाऱ्या बहुतेक पंपांची आतली रचना सारखीच असते.

आधी चिखलाचं बघू, कारण सगळा हिशेब त्यावर आहे. फाल्केनबुर्गचा भाग लोएस मातीचा, म्हणजे वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक गाळाचा. ती माती घसरते, जड होते, पण पाण्याचा मारा बसला की सुटते. आपली काळी माती वेगळी. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि रबराला, रंगाला, धातूला सारखीच चिकटते. शेतकऱ्याला हे सांगायची गरज नाही, वाफशाआधी रानात पाय घातला की पायाला किलोभर चिखलाचे बूट चढतात. सायकलचंही तेच होतं. भर पावसात, पाणी साचलेलं असताना काळा चिखल पातळ असतो आणि चाकावरून उडून जातो. पाऊस उघडून पाच-सहा तास झाले, माती ना पातळ ना वाफशाची अशा अवस्थेत आली, की ती चाकाबरोबर उचलली जाते आणि फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याच्या) कमानीत, मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांमध्ये (चेनस्टेमध्ये), ब्रेकच्या आजूबाजूला थापली जाते. शंभर-दीडशे मीटरमध्ये चाक फिरायचं थांबतं. शर्यत ठेवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं: धो-धो पावसातली शर्यत परवडते, दुसऱ्या दिवशी सकाळची नाही.

आता पंप. पाठीवरच्या बॅटरी पंपात तळाशी १२ व्होल्टची बॅटरी आणि एक डायफ्रॅम मोटर असते. दुकानात 'बारा बाय आठ' किंवा 'बारा बाय बारा' म्हणतात ते बॅटरीचं माप, १२ व्होल्ट आणि ८ किंवा १२ अँपिअर-तास. 'टू इन वन' म्हणजे बॅटरी संपली तर हाताच्या दांड्यानेही चालणारा. 'डबल मोटर' म्हणजे दोन मोटरींचा, पाणी जास्त फेकणारा. किंमत प्रकारानुसार साधारण २,५०० ते ४,००० रुपये.

या मोटरीचा दाब ३ ते ४ बारच्या घरात असतो, म्हणजे पंचेचाळीस ते साठ पीएसआय. रोड सायकलच्या टायरमध्ये याहून जास्त हवा भरतात. मोटारसायकली धुणाऱ्या सेंटरवरच्या यंत्राचा दाब शंभर बारच्या आसपास किंवा वर जातो. ऐकायला हा पंपाचा कमीपणा वाटतो, पण सायकलसाठी तीच जमेची बाजू आहे. हब (चाकाचा मधला भाग), बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या दांड्याचा सांधा) आणि हेडसेट (हँडलचा सांधा) यांची सीलं पावसाचं पाणी अडवायला केलेली असतात, शंभर बारची धार अडवायला नाही. सेंटरवर जवळून धार मारली की पाणी सील ओलांडून आत जातं, ग्रीस बाहेर ढकलतं, आणि महिन्याभरात बेअरिंग खरखर करू लागतं. मोठ्या संघांचे मेकॅनिकही प्रेशर वॉशर वापरतात, पण त्यांच्याकडे शर्यत झाली की बेअरिंगं उघडून बदलायची सोय असते. तुमच्याकडे एकच सायकल आहे आणि ती सोमवारी कॉलेजला न्यायची आहे. पंपाच्या धारेने सील ओलांडलं जायची भीती फारच कमी.

पण एवढ्याशा दाबाने काळा चिखल निघतो का? नुसत्या धारेने नाही, आणि इथेच बहुतेक जण पंपाला नावं ठेवतात. थापलेल्या चिखलावर सरळ पाणी मारलं तर वरचा थर फुगून गुळगुळीत होतो आणि धार त्यावरून घसरून जाते. दीड-दोन लिटर पाणी वाया जातं आणि सायकल होती तशीच राहते. आधी खरडायचं, मग धुवायचं. खरडायला बांबूची कामटी सगळ्यांत चांगली, एक बोट रुंद, टोकाला तिरकी तासलेली. लोखंडी खुरप्याने फ्रेमचा रंग जातो आणि कार्बनच्या फ्रेमला तर ते लावूच नये. फोर्कच्या कमानीत कामटी घालून चाक उलटं फिरवलं की चिखलाचा अख्खा लादा एका तुकड्यात खाली पडतो. मागे चेनस्टे आणि टायरच्या मधल्या जागेत तसंच. दहा-पंधरा सेकंदांत ऐंशी टक्के माल जमिनीवर येतो. उरलेल्या वीस टक्क्यांसाठी पंप आहे, आणि तिथे तो चोख काम करतो.

नोझल मात्र बदलावंच लागतं. पंपाबरोबर येणारं नोझल कीटकनाशकासाठी असतं, ते पाण्याचं धुकं करतं. धुक्याने सायकल ओली होते, स्वच्छ होत नाही. तणनाशकासाठी वापरतात ते सपाट पट्ट्याचं नोझल घ्या, किंवा फिरवून धार बारीक-मोठी करता येते ती पितळी गन. पट्ट्याच्या नोझलने फ्रेम आणि टायर, बारीक धारेने कॅसेट (मागच्या दातेरी चकत्या) आणि डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग), असं दोन्ही जवळ असलं तर उत्तम. नोझल सायकलपासून वीतभर अंतरावर धरायचं. पाऊण मीटरवर गेलं की धारेत जीव राहत नाही.

धुण्याचा क्रम पिटमध्ये आणि घरी वेगळा. घरी वरून खाली धुतात. पिटमध्ये वेळ तीन-साडेतीन मिनिटांचाच, म्हणून आधी जे फिरतं ते: मागचं डिरेलर, कॅसेट, चेन, मग दोन्ही ब्रेक, मग टायर आणि फोर्क, मग पेडल. पेडलच्या क्लिपमध्ये चिखल राहिला तर बूट अडकत नाही आणि स्वार पहिल्याच चढाला घसरतो, त्यामुळे पेडलला दोन सेकंद जास्त द्या. फ्रेमवर चिखल राहिला तरी चालेल. शेवटी पेडल हाताने फिरवून सगळे गिअर एकदा खालीवर करायचे, चेनवर ओल्या हवामानाचं तेल धावतं सोडायचं आणि सायकल मधल्या गिअरमध्ये उभी ठेवायची.

डिरेलरकडे जवळून बघायची सवय लावा. सोयाबीनचं काड, पऱ्हाटीची साल आणि ओलं गवत खालच्या छोट्या जॉकी चाकांभोवती दोरीसारखं वळतं. वरून चिखल बसला की ते दिसतही नाही, धारेने निघतही नाही. स्वार जोर लावतो, चेन अडते, डिरेलर पाठीमागे ओढलं जातं आणि त्याला फ्रेमशी धरणारा छोटा तुकडा, म्हणजे हँगर, तुटतो. युरोपात गवतामुळे जे होतं, ते इथे काडामुळे जास्त लवकर होतं. बारीक पक्कड किंवा वळलेली तार पिटच्या पेटीत असू द्या, आणि आपल्या फ्रेमच्या मापाचा सुटा हँगरही. दोन हँगर एकसारखे दिसले तरी एकमेकांना बसतीलच असं नाही.

पाण्याचा हिशेब हा या पंपाचा सगळ्यांत मोठा गुण. सिंगल मोटरचा पंप गन उघडल्यावर मिनिटाला दोन ते तीन लिटर पाणी टाकतो. खरडलेली सायकल पावणेदोन-दोन मिनिटांत निघते, म्हणजे एका धुण्याला चार-पाच लिटर. एक टाकी तीन धुण्यांना पुरते. तासाभराची शर्यत, सात फेऱ्या, प्रत्येक अर्ध्या फेरीला बदल धरला तर एका स्वाराला साठ-सत्तर लिटर. २०० लिटरचं एक टिपाड आणि एक बादली असली की तीन स्वारांची सोय झाली. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या मुलुखात उघड्या पाइपने सायकली धुणारा खेळ कुणी उभा करू नये आणि करू देऊही नये. स्पर्धा ठेवणाऱ्यांनी दर स्वाराला पाण्याचं माप ठरवूनच द्यावं.

टिपाडातलं पाणी बोअरचं असेल तर दोन गोष्टी होतात. गाळ असला की पंपाच्या आतली गाळणी तुंबते, मोटर घरघरते आणि धार तुटक येते. टाकीच्या तोंडाची जाळी काढून टाकायची सवय अनेकांना असते, ती काढू नका, उलट वरून जुन्या सुती धोतराचं फडकं बांधा. दुसरं, क्षाराचं पाणी फ्रेमवर पांढरे डाग सोडतं आणि चेनवर सुकलं की तिला लवकर गंज धरतो. शर्यत संपल्यावर कोरड्या फडक्याने पुसून तेल द्यायलाच हवं.

साबण पंपाच्या टाकीत घालू नका. फेस मोटरमध्ये गेला की हवा धरते आणि पाणी उचलतच नाही. भांड्याचा साबण किंवा शाम्पूची पुडी बादलीत, आणि तो ब्रशने लावायचा. चेनसाठी डिझेल वापरणारे बरेच आहेत. डिझेल टायरच्या रबरावर आणि ब्रेकच्या डिस्कवर उडतं, म्हणून पिटमध्ये नकोच. चिखल चिकटू नये म्हणून फ्रेमच्या खालच्या बाजूला आणि पेडलला सिलिकॉन स्प्रे मारण्याची पद्धत युरोपातल्या पिटमध्ये आहे, आणि काळ्या मातीत तिचा फायदा आणखी जास्त. मात्र मारताना दोन्ही डिस्कवर फडकं गुंडाळा. डिस्कवर एक थेंब गेला तरी पॅड तेलकट होऊन ब्रेक लागत नाही, आणि ते पॅड फेकावे लागतात. मुरमाड ओढ्यातून मार्ग जात असेल तर रेझिनचे पॅड एका शर्यतीतही संपू शकतात, धातूमिश्रित पॅड टिकतात.

एक इशारा ठळक शब्दांत. शेतात वापरलेला पंप सायकल धुण्यासाठी कधीही घेऊ नका. टाकी तीनदा विसळली तरी पाइप, गन आणि गॅस्केटमध्ये औषध राहतं, आणि पिटमध्ये धारेचे तुषार मेकॅनिकच्या तोंडावर, डोळ्यांत उडत असतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, ते औषध याच पंपांतून जात होतं. सायकलसाठी नवाच पंप घ्यावा, त्यावर लाल रंगाचा पट्टा मारावा, आणि घरच्यांना सांगून ठेवावं की यात औषध भरायचं नाही.

बॅटरीचं काय? ८ अँपिअरची बॅटरी रात्रभर चार्ज केली तर एका मोटरीवर शर्यतीची दुपार आरामात निघते. डबल मोटरला १२ अँपिअरचीच घ्या, नाहीतर संध्याकाळच्या गटाच्या वेळी धार लुळी पडते. या बॅटऱ्या बहुधा शिशाच्या असतात. पावसाळा संपल्यावर रिकामी बॅटरी तशीच माळ्यावर ठेवली तर पुढच्या जूनमध्ये ती चार्ज धरत नाही, आणि मग लोक पंपाला दोष देतात. महिन्यातून एकदा चार्जिंगला लावली की दोन-तीन हंगाम काढते. चार्जिंगचं सॉकेट टाकीच्या तळाशी असतं आणि पिटच्या चिखलात तेच आधी भरतं. त्याचं रबरी झाकण निघालं असेल तर चिकटपट्टी लावा. भरलेला पंप वीस-बावीस किलो भरतो, तो पाठीवर घेऊन सायकल धुवायची गरज नाही. स्टुलावर ठेवा आणि मूळ पाइप आखूड पडतो म्हणून तीन-चार मीटरचा जोडून घ्या. त्याहून लांब केला तर दाब पडतो.

गन सोडल्यावरही मोटर थांबून-थांबून टक-टक करत राहिली तर बहुतेक वेळा गनच्या किंवा पाइपच्या जोडातून गळती असते. मोटर फिरते पण पाणी येत नाही, तर आत हवा आहे. गन उघडी ठेवून टाकी थोडी हलवली की सुटते.

इतर पर्यायांत बागायतदारांचा पेट्रोलवरचा एचटीपी पंप जोरदार आहे, पण त्याचा दाब २० ते ४० बार आणि पाणी पिण्याचा वेगही तसाच. द्राक्ष-डाळिंबाच्या बागेला ठीक, सायकलला जास्तच. विजेचा घरगुती प्रेशर वॉशर शहरात चांगला, रानात त्याला जनरेटर लागतो. नुसत्या बादलीने आणि पाण्याच्या मगाने काम होतं, वेळ दुप्पट लागतो. हाताच्या दांड्याचा जुना पंप सगळ्यांत स्वस्त, मात्र एक हात दांड्यावर अडकतो आणि सायकल फिरवायला दुसरा माणूस लागतो. दोन माणसं असतील तर त्यालाही नावं ठेवण्यासारखं काही नाही.

हा पंप असला तर वर्षातून किती शर्यती होऊ शकतात, हाही प्रश्न आहे. युरोपचा हंगाम सप्टेंबर ते फेब्रुवारी. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये चिखल असतो पण रानं पिकांनी भरलेली असतात, तेव्हा गायरान, शाळेचं मैदान, कालव्याचा काठ यावर भागवावं लागतं. खरी संधी ऑक्टोबरात. सोयाबीन निघालेलं असतं, रान मोकळं असतं आणि परतीचा पाऊस एखाद-दुसरा तडाखा देतोच. तेव्हा दीड-दोन किलोमीटरची वाट आखायची, एक-दोन बांध चढायला ठेवायचे, ४० सेंटिमीटर उंचीच्या दोन फळ्या चार मीटर अंतराने उभ्या करायच्या. मालकाची परवानगी घेतानाच सांगावं की ओल्या काळ्या मातीवर चाकं फिरली की ती दबते. रब्बीची पेरणी करायची असेल तर ते रान सोडून पडीक तुकडा निवडावा. आणि कडेला वेडी बाभूळ असेल तर आदल्या दिवशी वाट झाडून घ्यावी, कारण ३३ मिलिमीटरच्या टायरला वीस-बावीस पीएसआय हवेवर तिचा काटा सहज आरपार जातो. ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट (भोक आपोआप बुजवणारं द्रावण) असेल तरच एवढी कमी हवा ठेवा, ट्यूब असेल तर तीसच्या खाली नको. पंपाने टायर धुतल्यावर हाताने एकदा चाचपा, चिखलाखाली लपलेला काटा तेव्हाच सापडतो.

सायकलमध्ये मात्र पंपाने भरून न येणारी एक गोष्ट आहे, टायर आणि फ्रेममधली मोकळी जागा. ४० मिलिमीटरचे टायर बसतात म्हणून तेच घालून काळ्या रानात उतरलात तर एका फेरीत चाक जाम होईल. त्याच फ्रेममध्ये ३३ किंवा ३५ चे, लांब-लांब गाठींचे टायर घातले तर दोन्ही बाजूंना बोटभर जागा राहते आणि पिटमधलं काम निम्मं होतं. एमटीबीवाल्यांनीही आपल्याकडचे सगळ्यांत अरुंद टायर चढवावेत.

शिफारस अशी: एकट्या स्वाराने १६ लिटरचा, सिंगल मोटरचा, 'बारा बाय आठ' टू इन वन पंप घ्यावा. पाच-सहा जणांच्या गटाने एक डबल मोटर 'बारा बाय बारा' आणि जोडीला एक साधा, असे दोन ठेवावेत, म्हणजे एकाची टाकी भरेपर्यंत दुसरा चालू राहतो. दुकानात पंप खोक्यातून काढून त्यात पाच लिटर पाणी टाकून चालवून बघा. गन पाच वेळा दाबा-सोडा आणि मोटर दर वेळी गप्प होते का ऐका. मोटरची गती कमी-जास्त करणारं बटण फिरवून धार बदलते का बघा. मग पट्ट्याचं नोझल, गनची दोन गॅस्केटं आणि एक सुटी गाळणी त्याच बिलात मागून घ्या. हे सुटे भाग स्वस्त असतात, पण रविवारी दुपारी पाणंदीवर एखादं गॅस्केट गेलं तर मोंढा बंद असतो.